पॅनमनचा अंगठा

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर बसून नखं कापत होतो. ते म्हणाले, "यंदा अभिमान या विषयावर अंक काढतोय. अभिमान माणसाला तारतो की बुडवतो? तुमचं सगळं आयुष्य साखर कारखान्यात गेलं, तुमच्या कामातलं काहीतरी लिहा." मी हो म्हणून टाकलं. फोन ठेवला तर दारातून माझी बायको कमल म्हणाली, "अभिमानावर लिवायचं व्हय? मग बरोबर माणूस गाठलाय त्यांनी. आदी त्या बोटाकडं बगा, रगत यायलंय."

बघितलं तर खरंच. नखाबरोबर कातडीही कापली होती आणि मला पत्ता नव्हता. बोटाला चिंधी गुंडाळली आणि वहीची चार पानं एका बैठकीत लिहून काढली. ती चार पानं तुम्हाला वाचायला मिळणार नाहीत. का, ते सांगतो. पण आधी माझं काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही.

मी पॅनमन. बारामती-इंदापूर भागातल्या एका कारखान्यात. या भागात कारखाने काही कमी नाहीत, त्यामुळे कुठला ते ओळखत बसू नका, नाव मी घालणार नाही. लोकांना वाटतं ऊस आत गेला की पलीकडून साखर पडते. असं नसतंय हो! उसाचा रस निघतो, तो निवळतो, मग चार मोठ्या भांड्यांतून उकळत उकळत घट्ट होतो. त्या घट्ट रसाला आम्ही सिरप म्हणतो. हे सिरप शेवटी पॅनमध्ये येतं. पॅन म्हणजे घराएवढं बंद भांडं. त्यातली हवा ओढून घेतलेली असते, म्हणजे सिरप कमी उष्णतेवर उकळतं आणि करपत नाही. त्यात बारीक साखरेचं बी सोडायचं. मग त्या दाण्यांना थोडं थोडं सिरप पाजत मोठं करायचं. हे पाजणारा तो पॅनमन.

खुबी अशी, की पंगतीत जेवढी माणसं बसली तेवढ्यांनाच वाढायचं, मधेच नवी पंगत बसू द्यायची नाही. सिरप पाजायला उशीर झाला आणि आतला पाक फार घट्ट झाला, की त्यात आपोआप नवे बारीक दाणे तयार होतात. साहेब लोक त्याला फॉल्स ग्रेन म्हणतात. आम्ही म्हणायचो, पॅनमध्ये पीठ पडलं. पीठ पडलं की गरगर फिरणाऱ्या मशीनमध्ये पाकातून साखर वेगळी होत नाही, सगळा चिखल. पॅन पुन्हा विरघळवायचा, केलेलं सगळं पाण्यात.

पाक किती घट्ट झाला हे कळायचं कसं? पॅनला एक नळी असते, तिच्यातून नमुना काढायचा, अंगठा आणि शेजारच्या बोटात धरायचा आणि बोटं उघडायची. तार निघते. ती किती लांब जाते, कशी तुटते, दाणा कातडीला कसा टोचतो, यावरून सांगायचं. घरी बायका लाडवाचा पाक बघतात तसंच, फक्त इथं आत काही टन माल उकळत असतो.

यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. म्हणजे, सांगतोय म्हणा मोठेपणाच. एकदा आमचे केमिस्ट साहेब प्रयोगशाळेतला आकडा घेऊन वर आले आणि म्हणाले, "अंकुशराव, झाला पॅन. सोडा खाली." मी बोटं उघडली, मिटली. म्हणालो, "साहेब, अजून चहा पिऊन या." साहेब चिडले, पण थांबले. चहा पिऊन आले, दाणा काचेवर घेऊन उजेडात बघितला आणि "आता सोडा" म्हणून खाली गेले. हा किस्सा मी किती लग्नांत, किती पंगतींत सांगितला असेल, देवाला ठाऊक.

पुढं कारखान्यानं पॅनला नवं मीटर बसवलं. आतला पाक किती घट्ट झालाय ते छोट्या पडद्यावर दिसायचं, हद्द ओलांडली की आकडा लाल. पुण्याहून आलेल्या इंजिनिअरनं मला समजावून सांगितलं. मी म्हणालो, "छान हाय. माझी एक अडचण दूर झाली." त्याला आनंद झाला. तो गेल्यावर मी माझा ओला टॉवेल त्या पडद्यावर वाळत घातला. त्या हंगामात आणि पुढच्या हंगामात तो टॉवेल तिथंच असायचा. लोक हसायचे. साहेबही एकदा हसले. मला वाटलं, जिंकलो.

तेव्हाच कधीतरी माझ्या पायातली चप्पल निसटलेली मला कळेनाशी झाली. चार पावलं पुढं गेल्यावर मागून कुणीतरी ओरडायचं, "तात्या, चप्पल!" साखरेचा आजार होताच. साखरवाल्याला साखर, म्हणून चेष्टाही व्हायची. डॉक्टर म्हणाले, हातापायांची जाणीव कमी होते, जपा. मी म्हणालो, पायाची झाली असेल, हाताचं काय ते माझं मला माहीत.

मग कन्हेरीला माझ्या पुतणीचं लग्न निघालं. आमच्या भावकीत लाडवाचा पाक बघायला मलाच बोलवायची पद्धत. आचारी कितीही नावाजलेला असू दे, कढईपाशी अंकुशतात्या पाहिजेत. आचाऱ्यानं पाक आणून दाखवला, मी बोटं उघडली. म्हणालो, अजून न्हाय. तो म्हणाला, "तात्या, एकतारी झालाय, आता बुंदी टाकू या." मी म्हणालो, "तू बुंदी तळ. पाकाचं मी बगतो." थोड्या वेळानं पुन्हा बघितलं, पुन्हा म्हणालो न्हाय. शेवटी हो म्हणालो आणि लाडू वळले. दुसऱ्या दिवशी पंगतीत एका पाव्हण्यानं लाडू फोडायला वरवंटा मागितला! सगळा मांडव हसला. आमचे एक आबा म्हणाले, "अंकुश, हे लाडू गोफणीत घाल, कणसावरची पाखरं तरी उडतील."

मी काय केलं? आचाऱ्यावर ढकललं. म्हणालो, जाळ जास्त ठेवला होता. त्या बिचाऱ्यानं मान खाली घातली. परत येताना गाडीवर मागं बसलेली कमल म्हणाली, "अवो, तुमच्या हाताला कळंना झालंय." मी गाडी आणखी जोरात मारली.

तिथंच थांबलो असतो तर हा लेख चार विनोदी किश्शांवर संपला असता. आता खरं सांगायचंय. दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

सोपान. माझा जोडीदार. डाळजचा. ज्या चार भांड्यांत रस घट्ट होऊन सिरप होतं, ती भांडी त्याच्याकडं होती. म्हणजे तो सिरप करणार आणि मी ते पॅनमध्ये घेणार. एकाच वर्षी दोघं कामाला लागलो, कॉलनीत शेजारी राहिलो, त्याच्या घरची भाकरी माझ्या डब्यात आणि माझ्या घरचं कालवण त्याच्या. माणूस नीटनेटका. काळ्या तेलकट जागेत काम, पण डोक्यावरची टोपी पांढरीशुभ्र. दर तासाला सिरप मोजायचा आणि वहीत लिहायचा, मोत्यासारखं अक्षर. मी त्याला चिडवायचो, "सोप्या, तू काय तलाठी हायेस का?" तो म्हणायचा, "तुजा अंगठा, माजी वही. सिरप एकसारखं मिळतंय ना तुला? मग गप कर तुजं काम."

एकसारखं मिळायचं. कधी पातळ नाही, कधी दाट नाही.

त्या दिवशी दिवसपाळी होती, जेवणाची वेळ टळून गेलेली. पॅन भरत आला होता. मी नमुना घेतला, बोटं उघडली. तार दिसत होती, पण बोटांना काही लागत नव्हतं. हातमोजा घातल्यासारखं. मी पुन्हा घेतला. पुन्हा तेच. शेजारी मीटर होतं, हात लांब करून टॉवेल उचलायचा, एवढंच. नाही उचलला. माझ्या हाताखालचे चारजण बघत होते आणि त्यांच्यासमोर टॉवेल उचलण्यापेक्षा मी अंदाजानं चालवणं पसंत केलं. म्हणालो, "अजून घट्ट हुईना. चालू द्या." सिरप पाजायचं थांबवलं. अंगठ्याला कळेल, आता कळेल, म्हणून वाट बघत राहिलो.

तेवढ्यात सोपान वर आला होता. सिरप कसं येतंय विचारायला यायचा तो मधूनमधून. "अंकुश, हात!" म्हणून ओरडला. माझा डावा हात वाफेच्या उघड्या पायपावर टेकलेला होता आणि तळव्याची कातडी भाजत होती. मला कळलं नव्हतं. मी हात काढला, म्हणालो, "काय न्हाय, थोडं लागलं," आणि नळावर हात धुवायला गेलो. परत आलो तेव्हा सोपान गेला होता.

पॅन खाली सोडला आणि ओरड झाली. पीठ पडलं होतं. साधंसुधं नाही, सगळा पॅन गेला. मशीनवर काही वेगळं होईना. दुसरे पॅन आधीच भरलेले, सिरपला जागा नाही, रसाला जागा नाही, शेवटी ऊस गाळणं बंद करावं लागलं. बाहेर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग माळेगावच्या रस्त्यापर्यंत गेली. बैलं उन्हात जुंपलेली, गाडीवाले भोंग्याकडं बघत बसलेले.

साहेब वर आले. माझ्याकडं बघून म्हणाले, "अंकुशराव, काय झालं? तुमच्या हातून असं कधी झालं नाही."

हे वाक्य त्यांनी म्हटलं नसतं तर कदाचित मी खरं बोललो असतो. "तुमच्या हातून असं कधी झालं नाही." मला तेच खरं ठेवायचं होतं. मी म्हणालो, "साहेब, सिरप खालीवर येत होतं. कधी पातळ, कधी दाट. मी काय करणार?"

सोपानला बोलावलं. त्यानं वही पुढं केली. दर तासाचा आकडा, एका रेषेत. साहेबांनी वहीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "आकडे काय, बसल्या जागी लिहिता येतात." सोपानचा चेहरा मला अजून दिसतो. रागावला नाही. माझ्याकडं एकदा बघितलं, वही मिटली, काखेत घेतली आणि खाली गेला.

आठवड्यात त्याला उसाच्या अड्ड्यावर पाठवलं. जिथं गाड्या येतात, उभ्या राहतात, तिथं धुरळ्यात उभं राहून नंबर लावायचे. हे काम वाईट नाही, पण जो माणूस सिरप करतो त्याच्यासाठी ते काम नाही. त्याच्या टोपीचा रंग दोन महिन्यांत मातीचा झाला. तो माझ्याशी बोलायचा बंद झाला आणि मीही त्याच्याशी. डबे वेगळे झाले. कमलनं विचारलं तर मी म्हणालो, त्याला माज आलाय.

मी तेव्हापासून रोज टॉवेल उचलून मीटर बघायला लागलो. कुणी नसताना बघायचो आणि मग बोटं उघडून दाखवायचो. एकही पॅन पुन्हा बिघडला नाही. लोक म्हणत राहिले, तात्यांचा अंगठा!

निवृत्तीच्या दिवशी सभा झाली. शाल, नारळ, हार. साहेब भाषणात म्हणाले, "अंकुशरावांनी उभ्या आयुष्यात एकच पॅन गमावला, आणि तोसुद्धा स्वतःच्या चुकीनं नाही." टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेत सोपान बसला होता. तोही टाळ्या वाजवत होता. सावकाश, अगदी शेवटपर्यंत. बाकीचे थांबल्यावरही दोन वाजवल्या त्यानं. त्या दोन टाळ्या माझ्या डोक्यातून जात नाहीत. जेवायला बसलो की वाजतात.

हां, तर ती चार पानं. चहाचा किस्सा, टॉवेलचा किस्सा, साहेबांचं भाषण, सगळं रंगवून लिहिलं होतं. शेवटी लिहिलं होतं की कामाचा अभिमान असावा, तो माणसाला ताठ ठेवतो. कमलला वाचून दाखवलं. ती गहू निवडत होती. संपल्यावर म्हणाली, "सोपानभावजी कुठं हायेत ह्यात?"

मी म्हणालो, त्यांचा काय संबंध?

तिनं सुपातून मान वर केली. "मला म्हाईत न्हाय असं वाटलं व्हय तुमाला? त्या दिवशी तुमचा तळहात मीच बांदला. एवडा भाजलेला हात आन तोंडातनं हूं का चूं न्हाय. तुमाला कळत नव्हतं, हे मला तवाच कळलं. म्या गप बसले. ते चुकलं माजं."

मी पानं फाडली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली आणि डाळजला गेलो. वाटेत तीनदा थांबलो. भिगवणला चहा घेतला, तो अर्धा टाकला. एकदा तर गाडी वळवलीही होती.

सोपान गोठ्यापाशी कडबा तोडत होता. डोक्यावर टोपी होती, पांढरीशुभ्र. मला बघून त्याचा हात थांबला, मग त्यानं आत आवाज दिला, "चा ठेवा गं, पाव्हणं आल्यात." पाव्हणं म्हणाला. बाजेवर बसलो. दोघंही रानाकडं बघत होतो. शेवटी मी म्हणालो, "सोपान, त्या दिवशी सिरप चांगलं हुतं. माझ्या हाताला कळंना झालं हुतं. मी खोटं बोललो."

तो कडब्याची काडी मोडत राहिला. म्हणाला, "मला काय सांगतोस? सिरप म्या केलतं."

"तुला माहीत होतं?"

"तू हात धुवायला गेलास तवा म्या टॉवेलाचं टोक उचलून बघितलं. आकडा कवाच लाल झालता, पीठ पडलंच हुतं. परत टॉवेल हुता तसा टाकला."

"का टाकलास?"

"लोक बघतील म्हनून. तुजी अब्रू हुती त्याखाली." काडी मोडून झाली, त्यानं दुसरी घेतली. "मला वाटलं, जोडीदार हाय, आता ह्यो साहेबाला सांगंल. तर तू माजंच नाव घेतलंस."

मला रडू आलं. लपवत नाही, आलं. मी विचारलं, "मग तू का नाही सांगितलंस? टॉवेलचं, मीटरचं, साहेबाला एक शब्द सांगितला असतास तर..."

"मी का म्हनून सांगू?" पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "चूक तुजी, तोंड म्या उगडायचं? म्या म्हनलं, अंकुश येईल. आज न्हाय उद्या येईल. यायलाच पायजे त्यानं. येक हंगाम गेला, दुसरा गेला. मग माजं बी आडलं. आता मी गेलो तर माजी मान खाली. धुरळा खाल्ला, पर गेलो न्हाय. तुला काय वाटतं, माज तुलाच येतो व्हय?"

चहा आला. मी साखर घालत नाही हे त्याच्या बायकोला आठवत होतं, माझा कप वेगळा होता. मी म्हणालो, "मी हे दिवाळी अंकात लिहिणार हाय. सगळं. तुझं नाव घालू का, का बदलू?"

"किती लोक वाचत्यात?"

"आपल्या भागातले बरेच. साहेबही वाचतात."

तो उठला, घरात गेला. परत आला तेव्हा हातात ती वही होती. कडा कुरतडलेल्या, पण अक्षर तेच. पान उघडून माझ्यासमोर धरलं. मी आकड्यांवरून बोट फिरवलं. बोटाला काही कळत नव्हतं, डोळ्यांना कळत होतं.

"माफी बिफी लिवू नगंस," सोपान म्हणाला. "ती तू हितं मागितलीस, झालं. माजं नाव घाल. गावाचं नाव घाल. आन सिरपचं नीट लिव."

संपादक महाराज, अभिमान तारतो की बुडवतो, ते तुमचं तुम्ही ठरवा. मला एवढं एक छापून हवं आहे. डाळजच्या सोपाननं त्या दिवशी केलेलं सिरप सकाळच्या पहिल्या तासापासून गाळप बंद होईपर्यंत एकसारखं होतं. वही मी डोळ्यांनी बघितली आहे. सिरपमध्ये काही दोष नव्हता.